मॅलाकाइट वाजून दहा मिनिटं

घड्याळं जमवणाऱ्याच्या घरात किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. कुरिअरवाल्यासाठी सही होईपर्यंत एक तरी तयार होतो! आमच्याकडे आता घड्याळांपेक्षा किस्सेच जास्त झालेत, आणि किस्से ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवता येत नाहीत.

यातला एक किस्सा मात्र मला झोपू देत नव्हता. आमची ओवी दुसरीत आहे. तिच्या मॅडमचा निरोप आला होता, "शनिवारी शाळा सुटल्यावर भेटा. ओवीला घड्याळ वाचता येत नाही. जादा तासाला बसवायचं का, ते ठरवू."

मी एम.एस्सी., नवरा निखिल पॉवर स्टेशनमध्ये इंजिनिअर, घरात ड्रॉवरभर घड्याळं, आणि मुलीला वेळ सांगता येत नाही! "शिकतात गं मुलं आपोआप," आई फोनवर म्हणाली. मुलांचं आपोआप काय काय बिघडतं, त्याचा विचार करत मी छताकडे बघत पडून राहिले.

तसा दोष थोडा घड्याळांचाही आहे. निखिलची घड्याळं असतात लिमिटेड एडिशन. म्हणजे कंपनी मोजकीच बनवते आणि मग साचा बंद. वर त्यांची डायल पत्र्याची नाही. दगडाची, शिंपल्याची, लाकडाची! आकडे नसतातच. "आकड्यांनी दगड झाकला जातो," हे निखिलचं म्हणणं.

एकदा स्वयंपाकघरातून मी ओरडले, "ओवी, बाबाच्या घड्याळात बघ गं, किती वाजले?"

तिने बाबाचा हात धरला, डायल उजेडात धरून नीट पाहिली आणि उत्तर दिलं, "मॅलाकाइट!"

मॅलाकाइट म्हणजे हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा दगड. उत्तर बरोबर होतं. माझाच प्रश्न चुकला असावा.

*

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ऊर्जानगरातल्या आमच्या क्वार्टरमध्ये असे चौघं घड्याळवेडे जमतात. एक निखिल. दुसरे शब्बीरभाई, चंद्रपुरात त्यांचं टाइल्स आणि मार्बलचं दुकान आहे. "भाभी, दिनभर फरशी देखता हूँ, तो घडी में भी फरशीच पाहिजे," असं ते स्वतःच सांगतात.

त्यांच्याकडे लॅपिसची डायल आहे. गडद निळा दगड, त्यात सोनेरी ठिपके. ती घालून ते दुकानात बसले होते. मूल गावाकडचं एक गिऱ्हाईक ओट्यासाठी ग्रॅनाइट बघायला आलं. शब्बीरभाईंनी काळा दाखवला, लाल दाखवला, चॉकलेटी दाखवला. गिऱ्हाइकाची नजर मनगटावरून हलेना.

"भाऊ, ओट्याले हाच द्या."

"अरे भाऊ, ये बेचने का नहीं है."

"मंग सॅम्पल हाताले काऊन बांधून ठेवलं?"

शब्बीरभाईंनी खूप समजावलं. गिऱ्हाईक शेवटी वैतागलं, "तुकडा नोका दाखवू ना भाऊ! मले बारा फूट पायजे!"

*

तिसरे मडावी सर. चामोर्शीला शाळेत शिकवतात. त्यांनी बरीच वाट पाहून एक घड्याळ मागवलं, ज्याची डायल गवताच्या काड्यांची आहे. काडी चिरायची, दाबून सपाट करायची, रंगवायची आणि एकेक करून हाताने चिकटवायची. ऊन पडलं की रेशमासारखी चमकते. खरंच सुंदर आहे.

सरांनी ते घरी आईला दाखवलं. धान नुकतंच निघालं होतं, घरामागे तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग लागलेला. आईने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"तणस हाय हे."

"माय, हे हातानं बनवलेलं आहे. अशी फार थोडी असतात."

"असन. पण बैल सोडाले गेला का हात मांगं ठेवजो. खाऊन टाकन."

*

चौथे वांढरे साहेब, राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत अधिकारी. त्यांना दगड नको, शिंपला नको. त्यांनी शोधून शोधून कोळशाची डायल मिळवली! कोळसा पातळ कापून त्याला आरशासारखी पॉलिश केलेली. इतकं काळं मी फक्त ओवीच्या परीक्षेच्या आधी माझ्या डोळ्यांखाली पाहिलंय.

साहेब ते घालून ड्युटीवर गेले. सुटताना गेटवर चेकिंग होतं. उत्साहाच्या भरात त्यांनी गार्डपुढे हात केला, "बघ रे, यात खराखुरा कोळसा आहे."

गार्डने घड्याळ पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. तोंडावरची रेघ हलली नाही.

"आत नेताना एंट्री केली होती का साहेब?"

"कशाची एंट्री?"

"कोळशाची. गेटच्या बाहेर न्याले पास लागते."

साहेब अर्धं मिनिट खरोखर घाबरले होते, असं वांढरे वहिनी सांगतात. साहेब नाही म्हणतात.

*

निखिलचा सगळ्यात लाडका तुकडा म्हणजे उल्केची डायल. अवकाशातून पडलेलं लोखंड, त्यावर चांदीच्या काड्या विस्कटल्यासारखी नक्षी. ते घड्याळ आलं त्या दिवशी मी आधी उल्का लहान मुलांजवळ ठेवली तर चालते का, ते मोबाईलवर शोधलं. चालते. तरी मी ते वरच्या कप्प्यात ठेवलं.

शेजारच्या काकू बघायला आल्या. निखिल भक्तिभावाने सांगत होता, "काकू, हा धातू पृथ्वीइतका जुना आहे. साडेचार अब्ज वर्षांचा!"

"काय सांगतं बाप्पा! अन् गॅरंटी किती वर्षाची?"

"दोन."

काकूंनी चहा संपवला. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, "बिल सांभाळून ठेव वं."

*

मॅडमचा निरोप आल्यावरच्या रविवारी मी चौघांपुढे चहा ठेवला आणि ट्रे हातातच धरून म्हणाले, "आज पोरीला वेळ शिकवल्याशिवाय पोहे मिळणार नाहीत."

चौघं कामाला लागले. ओवीला मधे बसवलं, चार मनगटं तिच्यापुढे आली. लॅपिसमध्ये चार वाजले होते. तणसात पावणेपाच. कोळशात काळ्यावर काळे काटे, त्यामुळे काहीच दिसेना. उल्केत सव्वा सहा!

"माझं करेक्ट आहे," मडावी सर म्हणाले.

"सर, आपकी घडी तो परसों से बंद है."

"बंद नाही, चावी द्यायची राहिली."

मग काटे जाड हवेत की बारीक, यावर वाद पेटला. ओवी मधल्यामध्ये उठून खेळायला गेली. शेवटी मीच विचारलं, "अहो, पण आत्ता नक्की वाजले किती?"

चौघांनी एकदमच खिशातून मोबाईल काढले!

*

शनिवार उजाडला. शाळा सुटली, मुलं गेली, वर्ग रिकामा झाला. दोन-तीन पालकांनंतर आमचा नंबर लागला. ओवी आणि मी पहिल्या बाकावर. माझे गुडघे बाकाखाली मावत नव्हते, आणि मीच नापास होणार याची मला खात्री होती.

मॅडमनी पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं. मोठे आकडे, लाल काटा, निळा काटा. तीन वाजवले. "ओवी, सांग बरं, किती वाजले?"

ओवीने घड्याळाला बोट लावून पाहिलं.

"पुठ्ठा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅलाकाइटपासून सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यात थांबले. ऐकताना ते आणखी वाईट वाटत होतं.

"असू द्या," मॅडम मायेने म्हणाल्या. "लावू या जादा तास. सोमवारपासून." आणि त्यांनी पेन उचललं.

तेवढ्यात ओवीने बाकावरून वाकून मॅडमचं मनगट धरलं, त्यांचं छोटं सोनेरी घड्याळ आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "बारा वाजायला दहा कमी. मॅडम, शाळा तर साडेअकराले सुटते ना? मग आम्हाला काऊन बसवून ठेवलं?"