अकरा मोटारी, एक डीपी

पंजाबरावांनी विहिरीवरची मोटार गाडीतून उतरवली नाही, ढकलली. दुकानाच्या फरशीला तडा गेला.

"तिसऱ्यांदा जळली," ते म्हणाले. "तुमची वाइंडिंगच कच्ची हाये, जैबुनबी. आता उमरखेडले नेत जाईन."

फुलसावंगीच्या बाजाररस्त्यावर हे दुकान रहमतच्या नावानं चालायचं. पण रहमतच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून मोटारीत तांब्याची तार भरायची ती जैबुनबी, त्याची बायको. एकेक वेढा बोटानं मोजून बसवायची. बावीस वर्षांत तिच्या कामाला कोणी कच्चं म्हटलं नव्हतं, आणि आता भर बाजारात चार माणसांसमोर म्हटलं होतं.

तिनं मोटार उघडली. आतली तार सगळीकडून सारखीच काळी पडलेली.

"कच्ची वाइंडिंग एका जागी जळते," ती रहमतला म्हणाली. "ही पुरी भाजली. मोटार फिराले धडपडली अन् फिरलीच नाही. माह्या हातात खोट नाही. खोट तिकडं वावरात हाये."

२००६ सालचा ऑक्टोबर होता. पावसानं सप्टेंबरातच पाठ फिरवली होती आणि बोंडं भरायच्या दिवसांत पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाणी हवं होतं. दुसऱ्या दिवशी जैबुनबी रहमतचं जुनं व्होल्टमीटर पिशवीत घालून पंजाबरावांच्या शिवारात गेली. तिथली डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, अकरा विहिरींना वीज पुरवायची. खालीच बंजारा तांड्यावरच्या जमनीचं अडीच एकर होतं. जमनीनं तिला बांधावर बसवलं. दहा वाजता लाइन, म्हणजे शेतीची वीज, येणार होती.

लाइन आली. मीटरचा काटा चारशेदहावर चढला. त्याच क्षणी शिवारभर खटाखट आवाज झाले, आणि काटा धाडकन दोनशेसाठवर कोसळला. अकरा विहिरींवरून नुसती घरघर ऐकू येऊ लागली. पाणी एकाच्याही पाइपातून पडेना.

जैबुनबीला उमगलं. लाइन आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून प्रत्येकानं विहिरीवर ऑटो बसवला होता. त्यामुळे अकराही मोटारी एकाच श्वासात उठायला बघत. डीपीत तेवढी ताकद नव्हती. मग कोणीच उठत नसे, सगळ्या जागच्या जागी तापत, आणि एखादी जळली की नाव वाइंडिंगचं.

"सगळ्याइले पहिलं पाहिजे!" ती बांधावरून ओरडली. "घ्या पहिलं! एकालेही थेंब नाही भेटत अन् मले कच्ची म्हणता?"

ती महागावच्या वीज ऑफिसात गेली. साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. ऑटो बेकायदेशीर आहेत, ते म्हणाले, काढून टाका. अकरा जणांची क्रमवारी करा, सह्या आणा, लाइनमन अंमल करील.

लाइनमन भीमसिंग एकटा, आणि त्याच्या गळ्यात चौदा गावं. क्रमवारी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी पहिला नंबर कोणाचा यावरून बांधावर काठ्या निघाल्या.

"नंबरच नको," जैबुनबी घरी येऊन रहमतला म्हणाली. "नंबर आला की भांडण आलं. मोटारीनं दुसऱ्या मोटारीले ओळखाचं कायले? काट्याले ओळखलं तं झालं."

आठ दिवस खपून तिनं एक डबी केली. लाइन आली तरी डबी मोटारीला लगेच उठू द्यायची नाही. व्होल्टेज पुरेसं आहे ना, आणि थोडा वेळ तसंच टिकून आहे ना, हे बघायची. मधेच दुसरी मोटार उठली, काटा खाली गेला, की डबी आपलं थांबणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. डबीतला वेळ मोजणारे बाजारातले स्वस्त कंडेन्सर एकासारखे दुसरे कधीच नसतात, उन्हानंही बदलतात. त्यामुळे कोणती डबी आधी सुटेल हे तिलाही सांगता येत नव्हतं. आज एकाची, उद्या दुसऱ्याची. सांगणारा कोणी नाही, लिहिणारा कोणी नाही, आणि तरी रांग लागायची.

दहा विहिरींवर डब्या बसल्या. त्या सकाळी लाइन आली आणि मोटारी एकामागून एक उठत गेल्या. पाव तासात सगळ्यांचं पाणी चालू. जमनी सरीत उभी राहून हसत सुटली.

अकरावे पंजाबराव. त्यांची मोटार सर्वांत मोठी, साडेसात हॉर्सपॉवरची, उमरखेडहून भरून आणलेली. "मी थांबू? तांड्यावाल्याइच्या मागं?" त्यांनी डबी परत पाठवली.

ते एकटे न थांबल्यानं डीपीला काही झालं नसतं. पण पंजाबरावांचं पाणी रोज पहिलं पडतं हे इतरांनी पाहिलं. चार दिवसांत एकानं डबी काढली, मग दुसऱ्यानं, मग आणखी तिघांनी. जैबुनबी दारोदार गेली. प्रत्येकजण म्हणे, तो थांबत नाही तर मी काहून थांबू?

आठव्या दिवशी डीपी फुटली. गरम तेल जमनीच्या पऱ्हाटीवर पडलं.

नवी डीपी मिळायला एकोणीस दिवस लागले. ऑफिसचं म्हणणं, चूक तुमची, वाट बघा. एकोणीस दिवसांत शिवारातली हिरवी बोंडं गळून मातीत पडली. मोठ्यांनी डिझेलचं इंजिन लावून थोडं वाचवलं. जमनीकडे इंजिन नव्हतं.

डीपी आली, तीही लोकांनी स्वतःच्या ट्रॅक्टरवर घालून आणली. खांबाखाली सगळे जमले. भीमसिंग तारा जोडायला चढणार, तेवढ्यात जमनी शिडीला धरून उभी राहिली.

"ज्याच्या विहिरीवर डबी, त्याची तार जोड," ती म्हणाली. "डबी नाही त्याची राहू दे खाली लटकत."

कोणी ठरवून आलं नव्हतं. पण एकजण तिच्या शेजारी उभा राहिला, मग दुसरा. हेच डब्या काढणारे होते. पंजाबराव गरजले, ऑफिसात जाईन म्हणाले. शिडी कोणी सोडली नाही. सगळ्यात शेवटी ते जैबुनबीकडे न बघता बोलले, "बसवा लवकर."

तिनं त्यांच्या विहिरीवर डबी बसवली. त्यांनी चहा मांडायला सांगितला.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या घरचं पाणी माह्या घशाखाली उतराचं नाही. ही डबी आधीच बसली असती तं जमनीचं वावर हिरवं असतं. बाजारात सांगा हे. मले बोलले तसं, चार जणांसमोर."

पंजाबरावांनी ते कधी सांगितलं नाही. साहेबांनी मात्र वरच्या ऑफिसला कळवलं की क्रमवारीमुळे डीपी जळणं थांबलं. भीमसिंगनं ते हसत सांगितलं, तेव्हा जैबुनबीनं हातातली पक्कड भिंतीवर फेकली.

आजूबाजूच्या गावांतून लोक डबी मागायला येऊ लागले. तिनं दुकानात गर्दी होऊ दिली नाही. एकाला शिकवायची आणि म्हणायची, आता तुह्या शेजाऱ्याले तू शिकव, मले विचारू नको. उन्हाळ्यापर्यंत तिनं कधी न पाहिलेल्या शिवारांत डब्या लागल्या होत्या. काही तर तिच्याहून बऱ्या केलेल्या.

त्याआधी, जानेवारीत, ती जमनीच्या वावरात गेली होती. जमनी वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होती. सांत्वनाचं बोलणं जैबुनबीला कधी जमलं नाही. तिनं पदर खोचला आणि शेजारच्या ओळीला लागली. प्रत्येक पऱ्हाटी उपटताना ती एकेकाला शिवी देत होती, पंजाबरावांना, साहेबांना, डब्या काढणाऱ्या पाचही जणांना नावानिशी.

"हळू, आपा," जमनी म्हणाली. "हात सोलतील."

"सोलू दे," जैबुनबी म्हणाली, आणि पुढची पऱ्हाटी मुळासकट ओढली.