फोनवरची बाई

आमच्या घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "हां भैया, मिल गया सब." सगळे हसतात. मीही हसत आलो. हे वाक्य नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजातल्या बाईचं, हे घरात सगळ्यांना माहीत. ती बाई कधी नव्हतीच, हे फक्त मला माहीत होतं.

बहिणीने नर्सिंगचा अर्ज भरला तेव्हा ती गावी, सडक अर्जुनीपासून आत, आईजवळ राहत होती. वडील गेलेले, आईला लकवा झालेला. मी फुलचूरला, एका राईस मिलच्या ऑफिसात कामाला. कागद तिने पोस्टाने पाठवले होते. ते पोचले का, पुरते आहेत का, हे मुदतीच्या आत फोन करून विचारून घ्या, असं कॉलेजने कळवलं होतं. गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, तीही बोलता बोलता तुटायची. म्हणून हे काम तिने माझ्यावर सोपवलं.

संध्याकाळी पाळीवरून तिचा फोन यायचा. "दादा, लावला का?"

"उद्या लावतो."

नंबर खिशात होता, टेबलावर फोन होता. मी लावला नाही. कामाची गडबड होती, असं पुढे स्वतःला सांगत राहिलो, पण ते खरं नाही. ती नागपूरला गेली असती तर आई माझ्या दोन खोल्यांत आली असती. तिचं अंथरूण, तिचं हगणं-मुतणं. बायको याबद्दल एक शब्द बोलली नव्हती, तेव्हा तिच्यावरही ढकलता येत नाही. कागद अडकावेत असं मी ठरवलं नव्हतं. फोनकडे हात जात नव्हता, एवढंच.

शेवटी ती चिडली. "काऊन नाही लावत? मीच लावू का इथून?"

"लावला ना," मी म्हणालो. "पोचले."

"कोन बोललं?"

"बाई होती एक."

"काय म्हनली?"

"हां भैया, मिल गया सब."

हिंदीमुळे तिला ते पटलं असावं. तिकडून तिने त्या बाईची नक्कलही करून दाखवली.

यादीत तिचं नाव आलं नाही. ती एकटीच नागपूरला जाऊन आली. एका दाखल्याची प्रत जोडायची राहिली होती. मुदतीत विचारलं असतं तर सांगितलं असतं, मागवून घेतली असती, असं तिथला माणूस म्हणाला. तिने त्याच्याशी भांडण केलं. "माझ्या भावाने विचारलं होतं, तुमच्याच बाईने सांगितलं," असं त्याला ठणकावून आली. मला म्हणाली, "तिचं नाव तरी विचाराचं होतंस, दादा."

पुढच्या वर्षी आई आणखी खालावली, बहिणीला हलता आलं नाही. आई गेली तोवर अर्जाचं वय निघून गेलं होतं. लग्न गावातच झालं.

यंदा माझ्या मुलीनेही नर्सिंगलाच अर्ज केला. त्याच दिवसांत गावी गेलो तर धानाची रोवणी चालू होती. बहीण बांधीतल्या चिखलातून वर आली, पाळीवर माझ्याजवळ बसली. "पोरीले सांग, फोनवर भरोसा नको ठेवू म्हना. ती बाई असन तिथं अजून."

या वेळी मला हसता आलं नाही. "बाई नव्हती," मी म्हणालो. "मी फोनच लावला नव्हता."

ती हाताचा चिखल खरवडत राहिली.

"मंग एवढे वरीस मी कोनाले शिव्या देऊन राहिली होती?"

मी खाली बांधीकडे पाहू लागलो.

"काऊन पन?"

"माय माह्याकडं आली असती."

"थे सांगतलं असतंस त मी थांबली असती." तिचा आवाज चढला नाही. "राहा म्हनाचं होतंस. राहिली असती."

खाली बाया रोवत होत्या. कुणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही.

"पोरीचे कागद पोचले का?"

"विचारतो उद्या."

"आत्ता लाव. माह्यासमोर."

मी लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

"अखीन लाव," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता, पदराला हात पुसत ती उठली आणि तिथेच उभी राहिली.