तिसरा टप्पा बोलत नाही

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्तीआधीचा माझा शेवटचा हिवाळा. उत्तनच्या किनाऱ्यावर कोवळं ऊन, समुद्र दुधी, आणि आमच्या चौकीतल्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर ओळीने उभे राहिलेले छोटे छोटे तारे. दुपारी डोळा लागला की आजही ते तारे आणि उन्हात वाळणारे बोंबील एकमेकांत मिसळतात आणि मी पुन्हा त्या वाळूतून चालू लागतो.

प्रकरण म्हटलं तर किरकोळ. भागात इंटरनेटची लाईन पुरवणारा एक मालक तक्रार अर्ज घेऊन आला. पंधरा दिवसांपासून उत्तनचं नेट एक दिवसाआड सकाळी दहाच्या सुमाराला बंद पडत होतं आणि दुपारी आपोआप परत येत होतं. चौकीची लाईनही त्याचीच, त्यामुळे आमचे किनाऱ्यावरचे कॅमेरे आंधळे व्हायचे आणि वरिष्ठांचे फोन मला यायचे. मालकाचा संशय त्याच्याच लाईनमनवर होता.

"साहेब, ये आदमी फुटलेला आहे. समोरच्या पार्टीने, दुसऱ्या नेटवाल्याने पकडलाय त्याला. उद्या संध्याकाळपर्यंत आत घ्या, नाहीतर मला वर जावं लागेल."

पाठोपाठ खबरही आली. बस थांब्याजवळचा चहावाला आमचा जुना माणूस. म्हणाला, "साहेब, मी खुद बघितलंय. नेट गेलं की हा पोलवर असतो. और क्या चाहिए?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला लाईनमनला काशीगावातल्या त्याच्या खोलीवरून चौकीत आणलं. मूळचा रत्नागिरीकडचा, पस्तिशीचा, घरी बायको आणि दोन मुली. नाव, पत्ता, नोकरी, सगळं नीट सांगितलं. पोलवर कशाला चढतोस म्हटल्यावर मात्र मान खाली.

"माझं काय म्हणणं नाही, साहेब."

अर्धा तास हेच. माझा आयुष्यभराचा अनुभव असा, की जो गप्प बसतो तो काहीतरी लपवतो. त्या भरवशावर मी डायरी ओढली आणि लिहिलं, 'संशयित गप्प आहे, यावरून त्याचा सहभाग दिसतो.' शाई वाळायच्या आत समोरच्या पडद्यावरची कॅमेऱ्यांची चित्रं काळी पडली. दहा वाजले होते आणि संशयित माझ्यापुढे बाकावर बसलेला होता.

साथीदार असेल, असं मी मनाला समजावलं. पण खरं सांगतो, मी चपापलो. त्याला म्हटलं, "नेट कुठं मरतं, ते तरी दाखवशील का?"

कामाचं विचारल्यावर माणूसच बदलला. उठून संगणकाशी बसला, काळ्या पडद्यावर दोन शब्द टाईप केले. "साहेब, आपला निरोप इथून निघतो ना, त्याला वाटेत एकेक टप्पा लागतो. मी प्रत्येकाला विचारतोय, आहेस का? तो म्हणतो, आहे. जो बोलत नाही त्याच्यापुढे तारे येतात."

पहिली ओळ आली, ती चौकीतली पेटी. दुसरी गावातल्या क्रुसाजवळची. तिसऱ्या ओळीपासून खालपर्यंत नुसते तारे.

"म्हणजे तिसऱ्यावर घोटाळा आहे. ती पेटी कोणाकडे?"

"माझ्याकडेच. मालकपण तेच धरून बसलेत. पण ती कधीच बोलत नाही, साहेब. तिची सेटिंगच तशी आहे. हे कालचं बघा, नेट चालू होतं तेव्हाचं."

त्याच्या मोबाईलमधल्या कालच्या पानावरही तिसऱ्या टप्प्यापुढे तारेच होते. पण खाली चौथा, जेसल पार्कातल्या ऑफिसचा, व्यवस्थित 'आहे' म्हणत होता.

"ती गप्प राहते, पण निरोप पुढे सोडते," तो म्हणाला.

"मग आज तुटलंय कुठं?"

तो पडदा बंद करू लागला. मी टोपी उचलली. "दुसऱ्यापर्यंत उत्तर येतंय ना? चल, क्रुसापासून वायर धरून चालू."

त्याचा चेहरा उतरला. "कशाला, साहेब? मीच करतो ते. लिहा माझं नाव."

इतक्या सहज हातात पडलेली कबुली मला कधीच आवडली नाही. आम्ही निघालो.

ती चाल मला स्वप्नासारखी आठवते. डोक्यावर एक काळी वायर, खाली आमच्या दोन सावल्या, कौलांवर कावळे, आणि सगळीकडे ओल्या मासळीचा वास. पोलावरून वायर उतरली ती बोंबील वाळवायच्या बांबूंवर. ओळीने दोर ताणलेले, त्यांच्यावर जबड्यात जबडा अडकवलेल्या बोंबलांच्या जोड्या, उन्हात चांदीसारख्या. त्या दोरांतच आमची वायरही होती, बोंबलांनी भरून वाकलेली. एक म्हातारी टोपलीतून आणखी काढून तिच्यावर टाकत होती.

"मावशे, थांब," लाईनमन हळूच म्हणाला.

"का रं? तूच बोललास ना, हिच्यावर वालव म्हनून? ह्यो दोर बरा हाय, कुजत न्हाय."

मग तो बोलला. पंधरा दिवसांपूर्वी ही वायर टाकली, तेव्हा न्यायला दुसरी जागा नव्हती. म्हातारीने आपल्या बांबूंवरून न्यायला दिली, एका शब्दाने अडवलं नाही. त्यासाठी तिचा एक दोर याने सोडला, नवीन आणतो, तोवर हिच्यावर वाळव म्हणाला आणि विसरला. एक दिवसाआड सकाळी होडी आली की ती त्या वायरीवर बोंबील टाकायची.

"आतमध्ये काच असते, साहेब, केसाएवढी. तिच्यातून उजेड जातो. ओझ्याने वायर खिळ्यापाशी मुडपली की उजेड तिथंच सांडतो. पाणी सुकून मासळी हलकी झाली की परत जातो. मी वर चढून सैल करायला बघायचो. खरं सांगितलं असतं तर मालकाने हिच्यावर केस टाकली असती. चूक माझी होती."

म्हातारीने टोपली खाली ठेवली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "ह्याला नेऊ नका, सायेब. बोंबील माजं हायेत." आणि ती एकेक जोडी उतरवू लागली. लाईनमन तिच्या शेजारी उभा राहिला. मग मीही राहिलो, वर्दीच्या बाह्या दुमडून. वायर मोकळी झाली तेव्हा चौकीतून हवालदाराचा फोन आला, "साहेब, कॅमेरे आले."

गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल देऊन अर्ज निकाली काढला. मालक कुरकुरला, पण माणूस कामावर राहिला. वायर उंच गेली आणि लाईनमनने त्याच दिवशी नवा दोर बांधून दिला.

चौकीच्या डायरीत खाडाखोड चालत नाही. माझ्या त्या ओळीखाली मी खरी हकीकत लिहिली, सही केली, पण वरची ओळ तशीच राहिली. ती आठवली की आजही लाज वाटते. माझ्यासमोर बाकावर किती माणसं गप्प बसून गेली. त्यांच्यातले किती जण दुसऱ्या कोणासाठी गप्प होते, ते पाहायला मी उठून चालत गेलोच नव्हतो.