मोडायचा कठडा

सात भाग झाले आणि ती मालिका बंद पडली. बरं झालं. तीन शाळकरी पोरं तोंडाला फडकी बांधून गुन्हेगार पकडतात, चोर दर वेळी माळ्यावरून तोंडावर आपटतो, आणि मागून हसण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज. सातही भागांत तोच विनोद. लिहिणाऱ्याने पेन्सिलीला टोकसुद्धा केलं नसेल. मी तिथं पेंटर होतो. पण सांगायचंय ते आमच्या सुताराबद्दल.

त्याला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या कायम मागच्या खिशात. घरी जेवायला बसला तरी काढत नसे. बायको म्हणायची, "ताट सरळ वाढलंय का, तेही मापून बघा." चित्रीकरणाच्या खोट्या भिंतीसुद्धा तो ओळंबा लावून उभ्या करी.

"मिस्त्री, कॅमेऱ्याला कळत नाही हो."

"मला कळतं ना."

पोरांचा अड्डा म्हणजे माणसाच्या उंचीचा माळा. त्याला गुण्याने दोन कठडे केले होते. एक पक्का, पोरांनी रेलायचा. दुसरा चोरासाठी, टेकताच तुटणारा. त्याच्या खांबांना तो मागून करवतीने अर्ध्याहून जास्त काप द्यायचा आणि प्रत्येक कापावर लाल फुली मारायचा. फुली दिसली की चोराशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम. त्याने तीनही पोरांना माळ्यावर नेऊन तो पाठ करून घेतला होता. कठडा बदलायला वीस मिनिटं लागत. मॅनेजरला ती वीस मिनिटं दाढदुखीसारखी सलत.

सातव्या भागाच्या दुपारी गुण्या जेवायला गेला होता. मोडायचा कठडा लावलेला. मॅनेजर म्हणाला, "पेंटर, शॉट मागून आहे. लाल दिसतंय. पांढरा मार."

मला वाटलं, चोराचाच शॉट असेल. विचारलं नाही. चार हात मारले आणि डबा बंद केला.

चोर झालेला नट आलाच नव्हता. वेळ वाया जाऊ नये म्हणून मॅनेजरने पोरांचा प्रसंग आधी घेतला. त्याच कठड्यावर. खाली गाद्याही टाकल्या नव्हत्या. चौदा वर्षांची पोर वर चढली. तिने वाकून कठड्याच्या मागे बघितलं, फुली शोधली. नव्हती. म्हणून रेलली.

मनगट मोडलं. ती रडली तेव्हा दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

संध्याकाळी मॅनेजरने कागद पुढे केला. सुताराचं काम कच्चं होतं म्हणून कठडा तुटला, असं लिहिलेलं, खाली गुण्याने सही करायची. "नोकरी राहील तुमची, मिस्त्री. नुसता कागद आहे. पोरीच्या आईला काहीतरी दाखवायला नको?"

नोकरी राहिली असती. पण कच्चं काम म्हणून सही केलेल्या सुताराला त्या धंद्यात दुसऱ्या कुणी करवत हातात धरू दिली नसती. चाळीस वर्षं पाण्यात.

गुण्याने तुटलेला खांब उचलून टेबलावर ठेवला. "हा काप माझा. तो तुटायलाच केला. फुली कुठं गेली?"

मी पुढे झालो.

"मी रंगवली," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

"यांनी."

पोरीची आई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. मॅनेजरने कागद घडी करून खिशात घातला आणि आम्हा दोघांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाला. मालिका पुढच्या आठवड्यात बंद झाली. पोर पडली म्हणून नव्हे. त्या वेळेत बक्षिसांच्या खेळाला जास्त जाहिराती मिळत होत्या.

गेटबाहेर मी गुण्याला म्हटलं, "चुकलं माझं."

"फुली कशाची, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग हात चाललाच कसा तुझा?" एवढं बोलून तो चालू लागला.

त्याच्यावर कच्च्या कामाचा डाग लागला नाही. पुढे तो दारं-खिडक्या करत राहिला, लोक घरी बोलवायला येत. आमचं येणंजाणं आहे. पण त्यानंतर त्याने केलेल्या एकाही लाकडाला त्याने मला ब्रश लावू दिला नाही. घराचं पुढचं दार त्याने स्वतः रंगवलंय. घाणेरडं. जागोजागी ओघळ, बिजागरीवर रंगाचे गोळे. मी दर रविवारी त्या दारातून आत जातो, आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही.