बाबूरावांचा मुरघास

चारा विभागात नोकरी केली की जनावरांपेक्षा किश्शांचीच पैदास जास्त! एकट्या बाबूरावांच्या खड्ड्यानं मला जन्मभर पुरतील एवढे दिले.

सत्तरच्या दशकाची सुरुवात, जामखेडकडचा कोरडा भाग. पावसानं दगा दिला, ज्वारी कणसावर येईना. मी तिथल्या शेतकरी बाबूरावांना म्हणालो, "वाळून जायच्या आत हिरवीच कापा. कुट्टी करून खड्ड्यात दाबू, मीठ आणि गुळाचं पाणी शिंपडू. त्याचा मुरघास होईल, टिकेल!" माझ्या शब्दावर त्यांनी अख्खं रान कापलं. खड्डा सडला तर बैलजोडी विकावी लागणार होती.

*

गूळ पाहून त्यांच्या आई कडाडल्या, "सायेब, चाऱ्याला पाक करताय व्हय?"

"आजी, गुळानं चारा चांगला आंबतो."

"म्हंजी नासवायचाच हाय की! मग गूळ कशाला? तसाच नासंल!"

*

चारा तुडवून हवा काढावी लागते. बाबूरावांनी तालमीतली पोरं बोलावली. ती लंगोट लावूनच खड्ड्यात उतरली! मी जरा चहाला गेलो. परत येतो तर तालमीचे वस्ताद वरून घागरभर ताक आणि हळद ओतताहेत.

"वस्ताद, हे काय?"

"आखाड्याच्या मातीत घालतोच की आमी. त्येल ऱ्हायलंय, आनतो!"

तेल अडवलं. ताकाचं काय करायचं, ते आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. खड्डा उघडेपर्यंत मला धड झोप नाही.

*

खड्डा मातीनं लिंपून बंद केला, तर मध्येच नगरहून आमचे साहेब आले. "उघडून दाखवा!"

उघडला तर हवा शिरून सगळं सडणार. छाती नव्हती, तरी मी नाही म्हणालो. तेव्हा साहेब वाकले आणि लिंपलेल्या मातीला चक्क कान लावून बसले.

बाबूराव हळूच म्हणाले, "सायेब, आत चारा हाय. बोलत न्हाई."

*

उघडायच्या दिवशी घरातला कडबा संपला होता. बाबूरावांनी बैलांचा व्यापारीही बोलावून ठेवला होता. त्यानं आल्या आल्या थोरल्या बैलाचा कासरा हातात घेतला.

वरचा थर काळा निघाला. बाबूराव उकरत राहिले. खाली पिवळसर, आंबूस गोड वासाचा चारा. पाटीभर बैलापुढे ठेवला. त्यानं हुंगलं, फुरफुरला, मान फिरवली.

"चला, उशीर हुतोय," म्हणत व्यापाऱ्यानं कासरा ओढला.

बैल हलला, पण पाटीकडे! तोंड घातलं ते वर काढेचना. मला इतकं हायसं वाटलं, की मी बांधावर बसूनच घेतलं. व्यापारी आपला ओढतोच आहे.

बाबूराव म्हणाले, "पाव्हनं, च्या घ्या. कासरा तेवढा सोडा!"