कॅबिनेटमधलं कुंकू

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी तोंडपाठ असलेल्या मित्रांनाही नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एका माणसापाशी बोललो — ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याच्यापाशी — आणि आता तुमच्यापाशी बोलतोय. एवढी वर्षं मिटलेलं तोंड एकदा उघडलंच आहे, तर परत कशाला मिटायचं?

पण लगेच मुद्द्यावर येणं जमणार नाही मला. जरा फिरून येतो. चालेल ना?

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करतो. कांदिवली-बोरिवलीत घरोघरी जातो. ‘फार स्लो झालाय हो, काहीतरी करा’ म्हणणारी माणसं म्हणजे माझं गिऱ्हाईक. मी झाकण काढतो, पंख्यात अडकलेली धूळ झटकतो, नको त्या फायली उडवतो, आणि निघताना एक भाषण ठोकतो — काहीही पुसण्याआधी कॉपी काढा, आणि कॉपी काढली की ती उघडते का ते बघा. माझी बायको म्हणते, देवळातल्या कीर्तनकारालाही एवढा कळवळा नसेल. असेल कसा? त्याने कुठे काय पुसलंय?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही चारकोपच्या सेक्टरमध्ये नवीन राहायला आलो होतो. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, तेव्हा ते तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात लागले होते. दादा अंधेरीला एका ऑफिसात होता. त्या ऑफिसाने एक जुना कॉम्प्युटर मोडीत काढला आणि दादा तो रिक्षात मांडीवर घेऊन घरी आला. आख्ख्या सेक्टरमध्ये दुसरा नव्हता. लोक चपला बाहेर काढून बघायला यायचे. आईने त्याला झालरीचं कव्हर शिवलं होतं.

आता आईबद्दल सांगायलाच हवं. आईच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. आम्ही परळला राहत होतो तेव्हापासून. कुणाकडे नवी शिलाई मशीन आली, फ्रिज आला, कुणी रिक्षा घेतली, की पहिलं हळद-कुंकू लावायला आईला बोलावणं. तिच्या हाताने सुरू झालेली वस्तू बिघडत नाही, अशी त्यांची खात्री. आई वरवर ‘काय तरीच तुमचा’ म्हणायची, पण नवी साडी नेसून वेळेआधी तयार असायची. शाळेचं तोंडही फारसं न बघितलेल्या बाईला तेवढा एक मान होता. तो तिचा स्वतःचा होता — बाबांमुळे नाही, आम्हा मुलांमुळे नाही.

दादा त्या कॉम्प्युटरवर हजेरी-पगाराचा प्रोग्रॅम लिहीत होता. कामगारांची हजेरी भरली की पगाराच्या चिठ्ठ्या छापून बाहेर. इस्टेटमधला एक वर्कशॉपवाला बघायला तयार झाला होता आणि त्याने दसऱ्याचा दिवस ठरवला होता. अडचण एकच. मशीन रडतखडत चालायचं. डिस्क गच्च भरलेली, प्रोग्रॅम सुरू करून दादा आंघोळ उरकून यायचा तरी पडद्यावर काही नसायचं. गिऱ्हाईकासमोर असं झालं तर?

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि बोरिवलीला कॉम्प्युटर क्लासला जात होतो. म्हणजे अर्धं येत होतं आणि तोरा पूर्ण होता. क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं, वापरून वापरून फायलींचे तुकडे डिस्कभर विखुरतात, ते गोळा करण्यात मशीनचा वेळ जातो. उपाय सोपा. सगळं फ्लॉपीवर उतरवायचं, डिस्क पुसून कोरी करायची, आणि परत नीट भरायचं. आई दिवाळीआधी फडताळातले सगळे डबे खाली काढून, फळ्या पुसून पुन्हा लावायची, तसंच.

बाबांचा गिरणीतला रिवाज घरीही चालायचा. खंडेनवमीला पूजा, त्याआधी साचा, म्हणजे माग, झाडून, पुसून, तेलपाणी करून लख्ख. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. त्या वर्षी पाटावर बाबांची पकड, पाने, आईची विळी, आणि शेजारी टेबलावर कॉम्प्युटर. पूजेआधी मशीन साफ पाहिजे, बाबा म्हणाले. मी लगेच पुढे. दादा, तू बिनधास्त ऑफिसला जा, मी त्याला सुसाट करून ठेवतो.

अष्टमीच्या दुपारी मी बसलो. ब्रशने धूळ काढली. आतल्या कार्डांची टोकं खोडरबराने घासली, फ्लॉपीच्या खाचेतली घाण स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. सगळं क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे. मग डिस्कवरचं एकेक फ्लॉपीवर उतरवलं — क्लासमधून आणलेल्या जुन्या, टाकून दिलेल्या फ्लॉप्यांवर. उतरवलेलं परत वाचून बघा, हेही सर म्हणाले होते. मी बघितलं नाही. का नाही? मैदानात गरब्याचे स्पीकर लावायचे होते, मित्र खिडकीतून हाका मारत होते. आणि खरं म्हणजे मला वाटलं, माझं कसं चुकेल?

डिस्क पुसली. पहिली फ्लॉपी आत गेली, बरी निघाली. नंतरची घरघरली आणि पडद्यावर आलं — अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर? म्हणजे फ्लॉपी वाचताच येत नाही. मी रिट्राय दाबलं. परत तेच. किती वेळा दाबलं असेल! दादाचा प्रोग्रॅम त्याच फ्लॉपीवर होता. दुसरीकडे कुठेही नव्हता. परत भरलेलं तेवढंही मी पुसून टाकलं, म्हणजे डिस्कच गेली असं दिसेल. हे करताना डोकं अगदी शांत होतं. त्या शांतपणाची मला आजही भीती वाटते.

दादा आला, त्याने विचारलं. मी म्हटलं, झकास झालंय, पण आता चालू नको करूस, बाबा पूजेसाठी पुसून ठेवायला सांगतायत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. रिवाजाप्रमाणे कुणी हात लावणार नव्हतं. आख्खा दिवस माझ्या हातात होता, आणि घरात सगळे खुशीत होते. मला तोंड उघडता आलं नाही. आईने पूजा केली. झेंडूचा हार घातला, फुलाने पाण्याचे दोन थेंब शिंपडले, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हळद-कुंकवाची बोटं ओढली. मग हात जोडून कितीतरी वेळ उभी राहिली. दादासाठी मागत होती. मी मागे उभा होतो.

दसऱ्याला वर्कशॉपवाला आला. दादाने बटण दाबलं. पडदा काळा, वर एक ओळ — सुरू करायला डिस्कवर काहीच नाही. दादाने बंद केलं, चालू केलं. तो माझ्याकडे वळला आणि मी — थांबा, हे नीट सांगतो, नाहीतर सांगण्यात अर्थ नाही — मी आईकडे वळलो. विचारलं, आई, काल ह्याच्यावर पाणी शिंपडलंस ना तू?

एवढ्यावर थांबलो असतो तरी! नाही. मी स्क्रू काढले, झाकण उचललं, आतून बोट फिरवलं. फटीतून चिमूटभर कुंकू खरंच आत पडलं होतं. त्याने काही होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी ते लाल झालेलं बोट मी वर धरलं. पाहुण्याला, दादाला, बाबांना — सगळ्यांना दाखवलं.

‘माझ्याच हातान झाला मां ह्या?’ आई एवढंच बोलली.

दादा तिला ‘जाऊ दे गं आई’ म्हणाला. दादाने पुन्हा सगळा प्रोग्रॅम लिहिला, वर्कशॉपवाला भला माणूस, तो थांबला. दादाचं पुढे छान चाललं. मग बिघडलं काय, असं वाटलं ना तुम्हाला? मीही स्वतःला वर्षानुवर्षं हेच विचारून झोपवत होतो.

आईने हात आवरला. पुढच्याच महिन्यात समोरच्यांकडे फ्रिज आला, त्यांनी बोलावलं, तर ‘आज माका बरा नाय’ म्हणून ही आत जाऊन पडली. नंतर कुणाच्या रिक्षेला नाही, कुणाच्या दुकानाला नाही. दादाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा शेजारच्या काकूंच्या हाती तबक देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हळूहळू बोलावणी बंद झाली. बाबा गेल्यावर तर प्रश्नच मिटला, कुंकवाच्या बोलावण्यांतून विधवा बाई तशीही वगळली जाते. ज्या वर्षांत तिला अजून बोलावत होते, त्या सगळ्या वर्षांत मी गप्प होतो. आणि दर दसऱ्याला गिऱ्हाइकांचे फोन यायचे — कुंकू पडलं हो आत, काही होईल का? काही होत नाही, बिनधास्त राहा, असं मी हसत सांगायचो. कुणालाही सांगायचो. एक आई सोडून.

गेल्या आठवड्यात सांगितलं. कारण काही मोठं नव्हतं. नवा मोबाइल तिच्या हातात देत होतो आणि तिने दोन्ही हात मागे घेतले. म्हणाली, तूच चालू कर, माझो हात नको. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं — फ्लॉपी, पुसलेली डिस्क, बोट. मध्ये थांबलो नाही. तिने पूर्ण ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. मग विचारलं,

‘मगे तुझ्या हळदीक मी मागे कित्याक रवलंय?’

माझ्या लग्नातली हळद. बाबा होते तेव्हा. पाटावर बसलो होतो मी, आणि पहिली हळद आईने लावावी म्हणून सगळे खोळंबले होते. तिने मावशीला पुढे ढकललं आणि स्वतः बायकांच्या मागे गेली. मला वाटलं, कामाच्या गडबडीत असेल. माझ्या संसाराला तिचा हात लागू नये म्हणून ती मागे राहिली होती. आपल्या मुलाला हळद न लावता ती त्या मांडवातून घरी आली, आणि मला कळलंही नाही.



आता खरं सांगू? मला हलकं वाटतंय. सांगितल्यापासून झोप चांगली लागतेय, जेवण गोड लागतंय, परवा गाडीवर गुणगुणत होतो. तिला तो प्रश्न पडला आणि मी गुणगुणतोय — हेही तुमच्यापासून लपवत नाही. लपवायचा कंटाळा आलाय. डिस्क मी पुसली. तिच्या हाताने काहीही झालं नव्हतं.