फायलीआजोबांची साठ कार्डं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या या गृहस्थांनी एकतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्डखोलीत काढली. तिथला एकही कागद त्यांनी हरवू दिला नाही, आणि वेळेवर कुणाला सापडूही दिला नाही. लोक तोंडावर आजोबा म्हणत, पाठीमागे फायलीआजोबा.

निवृत्तीनंतर हाताखाली कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी नातीला धरलं. तिला पहिलीत घ्यायचं की आणखी वर्षभर बालवर्गातच ठेवायचं, ते शाळेतल्या बाई तीन आठवड्यांनी, सोमवारी, तिच्याकडून वाचून घेऊन ठरवणार होत्या.

सून औषधांच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, "बाबा, आधी प्रत्येक अक्षराचा आवाज, मग आवाज जोडायचे, असं बाईंनी सांगितलंय. संध्याकाळी मी घेते तिचं."

"तू गोळ्या दे लोकांना. शिकवणं म्हणजे पोरखेळ नव्हे."

त्यांनी शब्दांची साठ कार्डं केली, मागे लाल शाईने नंबर घातले. रोज सकाळी एक ते साठ. सुनेने एकदा ती पत्त्यांसारखी पिसली, तर दोन दिवस अबोला. कागद जागचा हलला की गेला, हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

पंधरवड्यात पोरगी घडाघडा म्हणू लागली. मग काय विचारता! दूधवाला, इस्त्रीवाला, जिना चढून धापा टाकणारे पाहुणे, कुणाची सुटका नाही. पोरगी "कमळ, नळ, बदक" म्हणायची आणि बघायची खिडकीतल्या मांजराकडे. हे सगळ्यांना दिसत होतं, गुरुजी सोडून.

सोमवारी बाईंनी आजोबांनी शाळेत नेलेल्या त्याच गठ्ठ्यातलं मधलंच कार्ड उचललं. पोरगी बोटं मोजू लागली. दुसरं उचललं. तिने आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, हे कितवं?"

आजोबा खाकरले. "बाई, तुम्ही क्रम मोडलात."

"पुस्तकात शब्द नंबर लावून येत नाहीत हो," बाई म्हणाल्या. "राहू दे अजून वर्षभर."

सुनेने कसाबसा आठवडा मागून घेतला. कार्डं कपाटात गेली. रोज संध्याकाळी भांडी घासता घासता मधेच हात पुसून ती पाटीवर नवा शब्द लिहायची, पोरगी एकेक आवाज काढायची, अडखळायची, पुन्हा जोडायची. आजोबा बाहेरच्या खोलीत पेपरामागे तोंड लपवून बसायचे.

पुढच्या सोमवारी पोरीने बाईंनी दाखवलेले आठ शब्द वाचले, गोगलगाईच्या चालीने, त्यातला एक चुकीचा. पण वाचले. बाईंनी पहिलीत नाव घातलं.

संध्याकाळी जिन्यात इस्त्रीवाल्याने विचारलं, "काय आजोबा, झालं का पोरीचं?"

"होणारच," आजोबा म्हणाले. "पाया कुणी घातला?"